पट फिरवून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

आपला बुद्धिबळाचा डाव संपला, हात मिळवून स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) सह्या झाल्या, तुम्ही जिंकलात, आणि तरी चहाला न जाता हरलेल्या माणसाबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, दीड तास पटावर बसलात. त्याबद्दलचं हे पत्र. तिथे नुसतं "थँक्यू काका" म्हणून झालं होतं, ते फार तोकडं होतं.

डावाचं विश्लेषण म्हणजे काय, याचा याआधीचा नमुना एका फीवाल्या क्लासमधला. डाव मोबाईलवरच्या इंजिनात, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चढवायचा, कोणाची बाजू वरचढ हे दाखवणारा आलेख जिथे घसरला तिथे बोट ठेवायचं, "इथे माती खाल्लीस" म्हणायचं आणि पुढचा. बारा मिनिटांत ओपनिंग ते एंडगेम आटपायचं. चूक कुठे झाली हे इंजिन सांगतंच हो. ती का झाली हे सांगायला समोर माणूस बसवलेला असतो, आणि तोच आकडे वाचून दाखवत होता.

तुम्ही अख्ख्या कागदावर पेन्सिलीने एकच प्रश्नचिन्ह काढलंत. तेही डाव बुडवणाऱ्या ५८व्या चालीवर नाही, १४व्या चालीवर! क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीचा एक्स्चेंज प्रकार, काळ्याची (म्हणजे माझी) प्यादी सी६ आणि डी५ या घरांवर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). पांढऱ्याने हत्ती बी१ वर आणला, बी४ ढकललं, मग बी५. मायनॉरिटी अटॅक, म्हणजे दोन प्याद्यांनी तिघांवर चालून जायचं. हेतू एवढाच, की बी×सी६, बी×सी६ (× म्हणजे मारणं) झाल्यावर सी६ वर एक दुबळं प्यादं कायमचं उरावं. ती कटकटच नको म्हणून काळ्याने सी×बी५ घेतलं. झालं काय, तर डी५ पोरकं झालं, कारण त्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार उरला नाही. शिवाय बी७ उघड्यावर आलं. एक दुखणं टाळायला दोन विकत घेतली. तुमचं म्हणणं, सी६ दुबळं झालं तर होऊ दे, ते सांभाळायला एक-दोन मोहरे पुरतात. बाकीचे घोडा ई४, उंट डी६, हत्ती ई६ वरून जी६ असे राजाच्या बाजूला न्यायचे. पांढरा तिकडे गुंतलेला असताना इकडे त्याच्या राजाभोवती फारसं कोणी नसतं.

मग तुम्ही समासातल्या वेळा वाचल्यात. घड्याळातली वेळ स्कोअरशीटवर लिहायला नियमांची आडकाठी नाही, तरी कितीजण लिहितात? पाठ असलेल्या पहिल्या दहा चालींना १८ मिनिटं आणि सी×बी५ ला ४० सेकंद. एवढं वाचून तुम्ही गप्प बसलात. बोलायला उरलंच काय होतं!

डी५ चाळिशीच्या आत पडलं आणि शेवटी हत्तीविरुद्ध हत्ती अन् एक जादा प्यादं एवढंच राहिलं. पांढरा राजा सी५, प्यादं डी५, हत्ती एच७. काळा राजा डी८, हत्ती जी६. ही बरोबरी आहे, फिलिडॉर या फ्रेंच बुद्धिबळपटूने १७७७ मध्येच दाखवलेली. काळ्याने हत्ती सहाव्या रांगेत जी६-एफ६ असा हलवत बसायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. प्रत्यक्षात ५८व्या चालीला हत्ती "राजाच्या रक्षणाला" जी८ वर गेला. राजा सी६. हत्ती एफ८. प्यादं डी६. हत्ती पुन्हा जी८. आणि एच७ चा हत्ती सरळ ए७! ए८ वर मात, आणि राजा ई८ ला पळाला तर ए८ वरून शह, हत्तींची अदलाबदल, आणि प्यादं वझीर होतं. बी किंवा जी-फाईलचं (उभ्या रांगेचं) प्यादं असतं तर असं आठव्या रांगेत बसून निभावलं असतं, कारण एका बाजूने हत्ती फिरवायला जागाच नसते. मधल्या प्याद्याला दोन्हीकडे मोकळं रान.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. पाठ होतं, कळलेलं नव्हतं. इंजिन त्या स्थितीला ०.००, म्हणजे बरोबरी, दाखवून मोकळं होतं.

इथे तुम्ही पट उलटा फिरवलात. मोहरे न हलवता, दोन्ही हातांनी कडा धरून, सावकाश. "आता पांढरा तुमचा. जिंकून दाखवा." तिकडून बघितल्यावर डी५ चं प्यादं म्हणजे राजाची छत्री दिसली. ते पाचव्या रांगेत आहे तोवर राजा त्याच्या पुढ्यात उभा राहून मागून येणाऱ्या शहांपासून लपू शकतो, पण काळा हत्ती सहावी रांग अडवून बसल्यामुळे तिथे पोचता येत नाही. कंटाळून डी६ ढकललं, की छत्री मिटली. मग काळा हत्ती तडक पहिल्या रांगेत, आणि सी१, डी१, ई१ वरून शहांचा पाऊस. तीन वेळा प्रयत्न झाला, तीनही वेळा तुम्ही काळ्याकडून बरोबरी घेतलीत. चूक तुम्ही तोंडाने एकदाही सांगितली नाहीत.

पटावरचा सभ्यपणा बहुधा असाच असतो, बिनआवाजाचा. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनच्या ५५व्या चालीच्या चुकीनंतर गुकेश जगज्जेता झाला. त्याचे डोळे वाहत होते आणि हात मोहरे परत जागेवर लावत होते. जगज्जेतेपदाच्या पटावरची गोष्ट झाली ती. तुमचा पट प्लास्टिकचा, कडेला चिरलेला, आणि हॉलमधले दिवे एकेक करून बंद होत होते.

एक राहिलंय. १४व्या चालीला बी५ वर सी५ ने उत्तर दिलं, तर डी×सी५, उंट×सी५ नंतर डी५ पुन्हा एकटंच पडतं, पण निदान काळे मोहरे मोकळे होतात. हे चालतं का? पुढच्या स्पर्धेत भेटाल तेव्हा विचारायचंय. तुमची पेन्सिलही माझ्याकडेच आहे.

आपला,
काळ्या मोहऱ्यांवाला