रविवारची सफर : गाड्या तयार ठेवा

सभासदांनो, येत्या रविवारी पहाटे ५.३० वाजता शिवाजी पार्कहून खंडाळ्याला निघायचे आहे. पनवेल-खोपोली, जुन्या रस्त्याने. बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळे थांबू, इंजिने निवू द्या.

घाटात कसोटी रेडिएटरची आणि ब्रेकची. शनिवारपर्यंत रेडिएटरचे होज पाइप (पाण्याच्या रबरी नळ्या) बोटांनी दाबून बघा. भेग दिसली तर बदलाच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका, गेल्या खेपेला माझा हात भाजला होता. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.

सोबत आणा :
- फॅन बेल्ट, प्लग, इग्निशनचा कंडेन्सर
- पाच लिटर पाणी
- ओढायचा दोर
- आरसी, विमा, लायसन्स

ब्रेक एका बाजूला ओढत असतील त्यांनी गाडी आणू नये. आमच्या गाडीतून या, जागा आहे. नावे शुक्रवारपर्यंत कळवा.