पंपाला हात लावायच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून हसू आलं, राग मानू नकोस, पण तुझ्या चेनसॉची (लाकूड कापायच्या मशीनची) चेन धूर काढतेय, बारची, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीची, कड निळी पडलीय आणि पेट्रोल संपलं तरी ऑइलची टाकी भरलेलीच, हे अगदी अस्संच मी भोगून बसलोय. तर पहिलं म्हणजे चेनला तेल देणारा नवीन पंप मागवू नकोस, निदान आज तरी.

आधी कागदावर बघ. बारचं टोक पांढऱ्या कागदापासून वीतभर लांब धर आणि रेस दे, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. आणि हो, नुसतं आयडलवर ठेवून बघू नकोस, बऱ्याच मशिनमध्ये पंप क्लचच्या ड्रमवर (चेन फिरवणाऱ्या वाटीवर) चालतो, ड्रम फिरला तरच तेल येतं.

रेघ नाही आली तर मशीन बंद, प्लगची वायर काढ, हातमोजे घाल आणि बार उतरव. बारच्या बुडाशी बारीक भोक असतं, तिथूनच तेल आत शिरतं, ते आणि चेनची खाच भुशाने गच्च भरलेली असते बघ, तेलात भिजलेला भुसा म्हणजे नुसता लगदा. तार घालून काढ. निम्म्या वेळा रोग तिथेच सापडतो. परत लावताना बार उलटा करून लाव, झीज दोन्हीकडे सारखी होते.

तरी कोरडंच असेल तर टाकीतली नळी आकड्याने बाहेर ओढ, टोकाला फिल्टर असतो तो पेट्रोलने धू, नळीला चीर गेलीय का तेही बघ कारण मग पंप तेलाऐवजी हवा ओढतो. खाली ॲडजस्टमेंटचा स्क्रू असेल तर तोही बघ, कुणीतरी पार कमी करून ठेवलेला असू शकतो (माझ्याकडे तो कुणीतरी मीच होतो).

माझी खरी फजिती पुढेच झाली. मी म्हटलं पंपच गेला, सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडवला आणि क्लच उघडायला अख्खं वजन टाकलं, तो काय हलेना. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला की त्याला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो! आतलं पंप फिरवणारं प्लास्टिकचं वर्म गियर धडधाकट, एक दात झिजलेला नाही, तरी हट्टाने नवा पंप बसवला आणि मशीन पुन्हा कोरडंच. मग वैतागून तेल बघायला झाकण सैल केलं तर फुस्स आवाज, आणि पुढच्या रेसला कागदावर रेघ! ऑइलच्या टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह, तुंबला होता रे, हवा आत जाईना म्हणून पंपाला तेल ओढता येईना. एवढ्याशा व्हॉल्व्हसाठी पंपाचे पैसे घातले. म्हणून तू कागदानंतर लगेच हे झाकणाचंच कर.

जळकं इंजिन ऑइल तेवढं घालू नकोस, त्यात धातूचा कीस असतो आणि ते चेनला चिकटून राहत नाही, नुसतं उडतं.

आणि रात्रीतून खाली थोडं तेल सांडतं म्हणतोस ना, ते बारच्या खाचेतलं उरलेलं निथळतं, मी खाली पुठ्ठा टाकतो. सकाळी पार थारोळं असेल तरच कळव, मग ती नळी पंपाला जिथे जोडलीय तिथे बघू.

तुझाच