अपघाताचा दावा कमकुवत होतो तो कोर्टाबाहेरच

संपादक महोदय,

मोटार अपघाताच्या भरपाईसाठी लोक वकिलाकडे येतात ते बहुधा दोन-तीन महिन्यांनी. दिवसकार्य आटोपल्यावर किंवा प्लास्टर निघाल्यावर. तोवर दाव्याचे जे बरेवाईट व्हायचे ते झालेले असते.

सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे दवाखान्याचा पहिला केस पेपर. तातडीच्या विभागात डॉक्टर विचारतात, काय झाले? सोबतचा माणूस गडबडीत सांगतो, 'गाडीवरून पडले'. तेवढेच लिहिले जाते. पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो: अर्जदार स्वतःच पडला, कार मागाहून घुसडली. म्हणून कारने धडक दिली हे, आणि नंबर ठाऊक असल्यास नंबरही, तिथेच लिहून घ्यावा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण) अशी नोंद झाली का ते पाहावे. फिर्याद उशिरा दिल्याने दावा आपोआप बुडत नाही, पण उशिराचे कारण फिर्यादीतच आले पाहिजे. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, टायरच्या खुणा आणि गाड्या कोणत्या बाजूला होत्या हे असायला हवे. जखमीचीही चूक होती का, हा वाद त्यावरच चालतो, आणि ती २५ टक्के धरली गेली तर भरपाईही तेवढी कापली जाते.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा अहवालच अर्ज म्हणून धरण्याची तरतूद आहे. पण त्यावर विसंबून राहू नये. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून भरपाई मागण्याच्या, अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या आशेवर तारीख चुकवण्यात अर्थ नाही. अर्ज अपघाताच्याच जिल्ह्यात करावा लागतो हाही गैरसमज. तो स्वतःच्या राहत्या ठिकाणीही करता येतो.

मृत्यूच्या दाव्यात खरा फरक पडतो उत्पन्नाच्या पुराव्याने. समजा, ३८ वर्षांचा स्वयंरोजगारी माणूस, महिना २० हजार कमाई, मागे चार अवलंबित. वर्षाचे २,४०,००० होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. मृताच्या स्वखर्चाचा चौथा हिस्सा वजा करून २,५२,०००. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालात (२००९) वयानुसार दिलेल्या १५ च्या गुणकाने गुणून ३७,८०,०००. कागद नाहीत म्हणून न्यायाधिकरणाने १२ हजारच उत्पन्न धरले, तर हाच आकडा २२,६८,००० वर येतो. पंधरा लाखांवर पाणी! तेव्हा बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे, मालाची बिले, कर्जाचे हप्ते, जे असेल ते गोळा करावे. मात्र अपघातानंतर घाईने भरलेले विवरणपत्र संशयच वाढवते.

जखमीच्या बाबतीत प्रमाणपत्रावरचे ४० टक्के अपंगत्व म्हणजे कमाईतली ४० टक्के घट नव्हे. पाय गमावलेल्या ट्रकचालकाची रोजीच जाते, टेबलावर काम करणाऱ्याची तेवढी जात नाही. कामावर नेमका काय परिणाम झाला हे अर्जात लिहावे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष काढावी. औषधांची मूळ बिले तारखेप्रमाणे चिकटवून ठेवावीत. छपाई उडणाऱ्या पावत्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.

धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागलाच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली अनुक्रमे ५ लाख आणि अडीच लाख मिळू शकतात. पण विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. सही घेणारा हे बहुधा सांगत नाही.

दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटांबद्दल काय लिहावे! कोरा वकालतनामा आणि कोरे धनादेश कुणालाही देऊ नयेत. भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. महिला, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिथे जायला लोक का लाजतात कळत नाही.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, वर्षे वाचतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे वरचे गणित स्वतःच्या आकड्यांनी मांडून, तो कागद हातात ठेवूनच कंपनीचा प्रस्ताव ऐकावा.

— अपघात दाव्यांचे काम पाहणारा एक वकील