सिस्टर, तुम्ही माझ्या हातावर लिहिलेले ८४

सिस्टर, नमस्कार.

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणायचा मी आत्तापर्यंत तीनदा प्रयत्न केलाय. पण तुम्ही "हं बोल, पटकन बोल, ओव्हर द्यायचाय" (म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला वॉर्ड सोपवायचाय) म्हणता आणि माझं सगळं घशातच अडकतं, मग मी "जेवलात का" एवढंच विचारून फोन ठेवते. म्हणून शेवटी लिहून काढतेय. तुमचं नाव आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला असलं काही आवडत नाही हे माहितीय मला. पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल, निदान तुमच्या वॉर्डातल्या मावशींना तरी नक्कीच कळेल.

बाकीच्यांसाठी सांगते. मी तासगावकडची. लग्नानंतर सीझनला बेदाणा शेडवर निवडायला जायचे, बाकीचा वेळ घर, म्हैस आणि पोरगा. बारावी आर्ट्स झालेली, काठावर नाही हां, चांगले मार्क होते, पण पुढचं राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांपूर्वी मामंजींना पॅरालिसिसचा झटका आला आणि मिरजेत ॲडमिट करावं लागलं. आमच्याकडे काही मोठं झालं की मिरजच, सांगली-कोल्हापूरचेच काय, पलीकडून अथणी-चिकोडीचे पेशंट पण मिरजेलाच येतात. तिथं ११ रात्री मी मामंजींच्या उशाशी बसले.

पहिल्याच रात्री तुम्ही माझ्यावर ओरडलात, आठवतंय का? "पेशंटला एका कुशीवर किती वेळ ठेवलंय, पाठ सोलून निघेल ना त्यांची!" मी रडायच्या बेतात. मग तुम्हीच चादर ओढून घेतली आणि दाखवलंत, आधी गुडघा वाकवायचा, मग एक हात खांद्यावर एक कमरेवर आणि माणूस सगळाच्या सगळा एकदम वळवायचा, अर्धा अर्धा नाही. दर दोन तासांनी. मी मोबाईलला अलार्म लावले, १०, १२, २, ४. मामंजींना एक सुद्धा बेडसोर झाला नाही. शेवटी शेवटी तर शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक मला उठवायला यायचे, "ताई जरा आमच्या आज्यांना पण वळवून द्या की."

डिस्चार्जच्या आदल्या रात्री तुम्ही औषधांची ट्रॉली ढकलत ढकलत माझ्याकडे न बघता म्हणालात, "बारावी झालीय ना तुझी? मग इथं चादरी ओढत काय बसलीस, जीएनएम कर." आणि पुढच्या कॉटकडे निघून गेलात. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा.

आता मधलं सगळं, फॉर्म, दाखले, यादी, फी, ते सोडून देते, ज्यानं केलंय त्याला माहितीय आणि ज्यानं केलं नाही त्याला वाचायला कंटाळा येईल. पण मधे भेटलेली माणसं नाही सोडणार. एका कॉलेजात चौकशीला गेले तर तिथल्या बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, "मिस्टरांनी सोडलंय का?" म्हणजे बाई ३४ व्या वर्षी शिकायला आली म्हणजे तिला कुणीतरी सोडलेलंच असणार! एका क्लासवाल्या सरांनी माझ्या समोर बसून, माझ्याच चहाच्या पैशात, मला सांगितलं की या वयात इंग्लिश डोक्यात शिरत नाही, त्यापेक्षा पार्लरचा कोर्स बघा. जाऊबाईंनी तर सगळ्या भावकीत पसरवलं की पोरगा सहावीत आणि आई पहिलीत. आणि सासूबाई, त्यांचं वेगळंच, "दुसऱ्याची घाण काढायची नोकरी कशाला?" आता मामंजींची ११ दिवस काढली ते काय अत्तर होतं का? पण बोलले नाही. आमच्या मिस्टरांनी तेवढं एक बरं केलं, ते काहीच बोलले नाहीत, गपचूप पतसंस्थेतली ठेव मोडून आणली.

एक खरं सांगते, या लोकांच्या बोलण्याचा मला राग यायचा पण भीती नाही वाटायची. भीती वाटायला लागली ॲडमिशन पक्की झाल्यावर. तोपर्यंत कसं, होईल न होईल, वय ३५ ची अट आहे, कदाचित बसणारच नाही, असं मनाला एक निमित्त होतं. ते निमित्तच संपलं. मग रात्रीचं सुरू झालं, झोप नाही, पोटात कालवतंय, छातीत धडधड. ॲनाटॉमीचं पुस्तक एका मैत्रिणीच्या मुलीकडून आणलं होतं, ते उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. वर्गातल्या पोरी १७-१८ वर्षांच्या असणार, त्या मला काकू म्हणणार, मॅडम इंग्लिशमध्ये विचारणार आणि मी उभी राहून नुसती बघत बसणार, हे मी इतक्या वेळा डोळ्यासमोर बघितलं की ते घडून गेल्यासारखंच वाटायला लागलं. युनिफॉर्म शिवून आला तर घालून बघायची सुद्धा हिंमत होईना, पिशवीत तसाच टांगून ठेवला.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी घरी बँकेत जाते म्हणून सांगितलं आणि एसटीत बसून थेट तुमच्या वॉर्डात आले. सांगायला आले होते की नाही जमणार. तुमची दुपारची ड्युटी होती. काउंटरवर फोन वाजत होता, एका आजोबांची सलाईन संपत आलेली, डॉक्टरांचा राऊंड नुकताच होऊन गेलेला आणि फायलींचा ढीग पडलेला, दोन नातेवाईक रिपोर्टवरून भांडत होते. मी मधेच उभी राहून म्हटलं, "सिस्टर, मला नाही जमणार ओ." आणि रडायलाच लागले, सगळ्या वॉर्डासमोर.

मला वाटलं तुम्ही पहिल्या रात्रीसारखं ओरडाल. किंवा मग ते नेहमीचं, तू करू शकतेस, घाबरू नको वगैरे. तुम्ही त्यातलं एक अक्षर बोलला नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत, दुसरा हात माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "नाडी मोज माझी. पूर्ण एक मिनिट."

मी धरलं मनगट. आणि मोजलं. सेकंद काटा फिरून आला तेव्हा माझा आकडा आला ११८. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं, म्हटलं सिस्टरना काहीतरी झालंय. तुम्ही माझ्या हाताकडे बघून हसायला लागलात. "अगं अंगठ्यानं धरलंयस तू. अंगठ्याला स्वतःची नाडी असते बाई. ही माझी नाही, तू तुझीच मोजलीस. आता माझी मोज." आणि माझी तीन बोटं धरून तुमच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, बरोबर जिथं ठोका लागतो तिथं नेऊन ठेवलीत. "दाबू नको जोरात. नुसती ठेव."

परत एक मिनिट. सिस्टर, मी तेव्हा मोजण्यात होते म्हणून कळलं नाही, नंतर एसटीत बसल्यावर कळलं की त्या मिनिटात तुम्ही हलला नाहीत. फोन वाजून बंद झाला. रिपोर्टवाला एकदा "ओ सिस्टर" म्हणाला, तुम्ही दुसरा हात वर करून त्याला थांबवलंत, त्याच्याकडे मान सुद्धा न वळवता. ३० कॉटचा वॉर्ड आणि तुम्ही एकट्या, आणि तुम्ही एका बेदाणे निवडणाऱ्या बाईपुढे हात धरून उभ्या होतात, जसा काही वॉर्डात दुसरा पेशंटच नाही. पहिल्यांदा मोजलं ते धरून दोन मिनिटं. आता मी स्वतः पोस्टिंगला जाते तेव्हा कळतंय की दुपारच्या ड्युटीत दोन मिनिटं म्हणजे काय असतं. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढी सलग दोन मिनिटं दिलेली मला तरी आठवत नाहीत.

८४ आले. तुम्ही म्हणालात, "बरोबर. ६० ते १०० नॉर्मल. जिवंत आहे मी." मग खिशातला बॉलपेन काढून माझ्या तळहातावर लिहिलंत, ८४, खाली एक रेघ मारलीत, घड्याळ घेतलंत आणि सलाईन बदलायला पळालात. बाय पण नाही म्हणालात. मी तशीच उभी, हात उघडा धरून. मावशींनी मला ढकललं, "ए बाई, वाटंत नको उभी राहू."

त्या रात्री मी डाव्या हातानं भांडी घासली. हसू नका, खरंच. सकाळपर्यंत त्यातलं एक शून्यासारखं वेटोळं आणि अर्धा चार तेवढा उरला होता.

पहिल्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगितलंच नाही मी कधी. गेटमधून आत गेले, युनिफॉर्म घातलेला, वर थंडी म्हणून स्वेटर, तर ऑफिसमधले एक गृहस्थ मला बघून म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचंय, आत फक्त स्टुडंट." आधीची मी असते तर खरंच बाहेर गेले असते आणि तिथूनच स्टँड गाठलं असतं. मी स्वेटरचं बटण काढलं, युनिफॉर्म दाखवला आणि म्हटलं, "मीच स्टुडंट." एवढंच. आवाज कापत होता पण निघाला. पोरी काकू म्हणतात का? म्हणतात! पहिला आठवडा ताई, मग काकू, आता सरळ "काकू बेड मेकिंगचे कोपरे घालून द्या ना" म्हणून मागे लागतात. चादरीच्या घड्या घालायला मला शिकवावं लागलं नाही. आणि मला बीपीचे वरचा-खालचा आकडा, सिस्टोलिक-डायस्टोलिक, त्यांनी शिकवलं, हिशोब बरोबर.

इंग्लिशची भीती अजून आहे, ती काही गेली नाही. मायक्रोबायोलॉजीला अजून घाम फुटतो. पण पुस्तकात एक वाचलं ते तुम्हाला सांगायचं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, जिच्या वाढदिवसाला १२ मे ला आपण नर्सेस डे करतो, ती जन्मली १८२० मध्ये आणि जर्मनीत ट्रेनिंगला गेली १८५१ मध्ये. म्हणजे बाई ३१ वर्षांच्या होत्या! त्यांच्या घरच्यांचा पण विरोध होता, म्हणजे तिकडे पण जाऊबाई असणारच कुणीतरी. मला फक्त तीन वर्षं उशीर झालाय. आणि पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई १८९७ मध्ये पेशंटची सेवा करता करताच गेल्या, तेव्हा त्यांचं वय ६६. हे आपण शाळेत शिकतो, पण वय किती होतं ते कुणी सांगत नाही. मी सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून घाण हा शब्द बंद झाला.

मला कधी कधी वाटतं चांगली माणसं काही फार मोठं करत नाहीत. पैसे देतात असं नाही, ओळख लावतात असं पण नाही. ती नुसती तुमच्या वाट्याला आली की तिथं पूर्ण असतात. त्या क्लासवाल्या सरांनी मला अर्धा तास दिला होता बरं का, पण त्यातलं एक मिनिट सुद्धा माझ्यासाठी नव्हतं, सगळा वेळ त्यांचं स्वतःचंच चाललं होतं. आता कळतंय, ते अंगठ्यानं मोजत होते. आणि तुमच्यासारख्या किती सिस्टर असतील ज्यांना कुणी थँक्यू म्हणत नाही, डिस्चार्ज झाला की पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात आणि सिस्टरना विचारतात "कागद कधी मिळणार". आम्ही पण तेच केलं होतं की. मामंजींच्या वेळी पेढ्याचा बॉक्स डॉक्टरांना दिला आणि तुम्हाला नुसता नमस्कार. त्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून परवा डबा घेऊन आले होते. मागच्या आठवड्यात मला मेल वॉर्डला पोस्टिंग होतं, तिथं एक कानडी आजोबा होते, सारखं "नोवु, नोवु" म्हणायचे, दुखतंय म्हणजे. त्यांची नाडी घेतली आणि मॅडमनी परत मोजून बघितली तर एकाचा सुद्धा फरक नाही. ते तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. पण तुमची नाईट ऑफ होती, म्हणून डबा मावशींकडे ठेवलाय. शेंगदाण्याचे लाडू आहेत, आणि ऐका, सासूबाईंनी वळलेत, मी नाही. स्वतःहून. बेदाणे पण घातलेत त्यांनी, मी सांगितलं होतं लाडवात कोण बेदाणे घालतं, पण ऐकतील तर ना.

लाडू सगळे तुमचेच, वाटा नाहीतर एकट्या खा. फक्त डबा तेवढा मावशींकडून परत पाठवा, झाकणावर सासूबाईंचं माहेरचं नाव कोरलंय, तो हरवला तर मला घरात घेणार नाहीत.

तुमची,
कॉट नंबर १४ ची सून