दुखत नाही म्हणून गप बसू नको

लेकरा,

फोनवर काही सांगायला गेलं की तू "व्हय आई, व्हय आई" करून ठेवून देतोस, म्हणून हे लिहायले. निवांत वाच, रूमवरच्या पोरांनाबी दाखव. पोळ्याला आलतास तेव्हा तुझी पँट धुताना खिशातून माव्याची पुडी निघाली. घरात पाहुणे होते म्हणून काही बोलले नाही. आताबी ओरडणार नाही, गावात घरोघर आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईचं काम करून एवढं कळलंय की ओरडल्यानं कुणी तंबाखू सोडत नाही, उलट लपून खातंय.

तू म्हणशील तंबाखू नावालाच असती, सुपारीच जास्त. अरे पण सुपारी काय साधी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, तिनं २००४ लाच नुसत्या सुपारीला, तंबाखू नसली तरी, नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. वरून चुना. टपरीवाला घोटून देतो आन तू गालात एकाच जागी बार धरून बसतोस, रोज तीच जागा. तिथली कातडी रोज सोलवटती, रोज नवी येती, आन नवी पेशी बनताना तिच्यातल्या डीएनएची नक्कल होती त्यात चुका होतात, त्यात तंबाखूतलं विष त्या डीएनएवरच घाव घालतं. बऱ्याच चुका शरीर आपल्या आपण दुरुस्त करतं, एखादी राहून जाती, वर्षं गेली की दुसरी, तिसरी, आन मग एखादी पेशी वाढायची थांबतच नाही. म्हणजे कॅन्सर काय बाहेरून येत नाही, आपलीच पेशी असती ती. बांधावरच्या गाजर गवतासारखं बघ, फुलायच्या आधी उपटलं तर एका हातानं निघतं, एकदा बी उडालं की सगळ्या रानात.

तोंडाचं कसं असतं, आधी ठेचा झोंबायला लागतो, साधी भाजीबी तिखट लागती. मग गाल आतून कडक होतो आन तोंड कमी उघडायला लागतं. आरशासमोर उभा राहा, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघ. जात नसतील तर कॅन्सर झालाच असं नाही, पण डॉक्टरला दाखवायचंच. पांढरा नायतर लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यात न भरणारा फोड, उगंच हलायलेला दात, गळ्यात गाठ, हे काहीबी दिसलं तर थांबायचं नाही.

आन सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यातलं बरंचसं सुरुवातीला दुखत नाही. मी घरोघर फिरते तेव्हा सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच, "दुखत तर नाही ना, मग राहू दे." मागच्या गल्लीतल्या मामांच्या गालात पांढरा चट्टा होता, मी दोनदा म्हणलं दवाखान्यात चला, तर मला म्हणले तुला फॉर्म भरायचाय म्हणून मागं लागलीस. दुखायला लागल्यावर गेले. आता बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात आहेत, जबड्याचं ऑपरेशन झालं, पातळ पेज नळीनं देतात. बाईच्या छातीतली गाठ तर बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून बाया ती महिनोन् महिने पदराखाली ठेवतात.

तुझ्या आज्जीची गोष्ट तुला माहीत नसंल. तू पोटात होतास तेव्हा आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बायांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची मोठी तपासणी चालू होती, १९९९ ला सुरू झालेली, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. आज्जी म्हणली "मला काय झालंय, मी कशाला येऊ", पण शेजारच्या बाया निघाल्या म्हणून ही बी निघाली, दातावरची मिश्री तशीच. ही मिश्री ती स्वतः तव्यावर तंबाखू जाळून करायची, घरभर सगळे खोकायचे. तीबी तंबाखूच, हे तिला पटवायला मला किती वर्षं लागली विचारू नको. तर त्या तपासणीचं २००९ ला जगभर छापून आलं. गावांचे गट पाडले होते. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळं होतो त्या विषाणूची, टेस्ट फक्त एकदा केली, त्या गटात आठ वर्षात या कॅन्सरनं झालेले मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. ज्या गावांना टेस्ट मिळाली नाही त्या बायांचं काय, असा सवालबी पुढं उठला, आन मला तो बरोबरच वाटतो.

आईनं पोराला सांगायच्या गोष्टी नाहीत म्हणतेत लोक, पण ऐक. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पुरुषाकडूनबी. बहुतेक बायांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षात निघून जातो, काहींच्यात ठाण मांडतो आन त्याचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे धरायला वेळ मिळतो. आपल्या उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांचं तोंड, छाती आन बायांचं गर्भाशयाचं तोंड फुकट तपासतात. या विषाणूवर लसबी आहे, पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हावॅक, ९ ते १४ वयात सहा महिन्याच्या अंतरानं दोन डोस.

सगळेच कॅन्सर टाळता येत नाहीत हे खरंय. ३० ते ५० टक्के टाळता येतात असं जागतिक आरोग्य संघटना म्हणती, बाकी वयानं, नशिबानं, थोडे घराण्यातून. माळकरी माणसालाबी होतो, म्हणून "मागच्या जन्माचं पाप" म्हणणाऱ्याचा मला लई राग येतो. ताट-तांब्या वेगळा करतात त्यांचाबी, शेजारी बसल्यानं हा लागत नाही. आन गाठीचा तुकडा काढला की पसरतं, चाकू लावू नका, असं सांगून झाडपाला देणारे आहेत त्यांच्यापाशी तर उभं राहू नको. तुकडा तपासल्याशिवाय कुठला कॅन्सर, कुठल्या स्टेजचा, औषध कुठलं, काहीच ठरत नाही. पैशाला भिऊन लोक मागं राहतात, पण महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात.

आता तुझं काम. या रविवारी तिथल्याच दाताच्या डॉक्टरकडं जा, मावा खातो म्हणून खरं सांग आन तोंड दाखव. सोडायला जमंना झालं तर १८००-११-२३५६ ला फोन लाव, फुकट आहे, तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतोय. डॉक्टर काय म्हणले ते मला फोन करून सांग, मेसेज नको. ताईच्या लेकीला दहावं लागलंय, लसीचं ताईला मी सांगते, दाजींना तू सांग, ते तुझं ऐकतात.

तुझी आई