ऊसतोडीची यादी टोळी निघण्याआधी हवी

संपादक महोदय,

ऊसतोड कामगारांसाठी योजना कमी नाहीत. आईवडील तोडीला गेल्यावर गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, रेशन कुठल्याही गावात मिळते, अंगणवाडीचा आहारही आहे. पण प्रत्येक विभागाची यादी वेगळी आणि तारीख वेगळी, म्हणून माणूस मधल्यामध्ये सुटतो.

वसतिगृहाची मंजुरी कामगारांच्या टोळ्या निघून गेल्यावर आली, तर तोवर मूल ट्रॉलीत बसून अड्ड्यावर, म्हणजे कारखान्याकडच्या कामगारांच्या मुक्कामावर, पोहोचलेले असते. तिथली शाळा दाखला मागते. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे.

रेशनचेही तसेच. माणशी ५ किलो धान्य परगावी उचलता येते, पण दुकान उघडे असते तेव्हा माणसे फडात, उसाच्या शेतात, असतात. संध्याकाळी गेले तरी कोयत्याने आणि पाचटाने घासलेल्या बोटांचे ठसे पॉस मशीन घेत नाही. अड्ड्यावरच महिन्यातून एका संध्याकाळी वाटप ठेवले आणि डोळ्यांचा स्कॅनर नेला, तर हे सुटते.

सर्वांत जास्त नुकसान झाले ते बायकांचे. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्याने समिती नेमली आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. अट योग्यच होती. पण बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते कशी? पाळीत एक दिवस बसली तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, चढतो. राहायच्या कोपीजवळ (झोपडीजवळ) ना आडोसा, ना पुरेसे पाणी. संसर्ग अंगावर काढत महिने जातात. यातला दंड कामगार विभागाचा, संडास-पाणी कारखान्याचे आणि ग्रामपंचायतीचे. आरोग्य खात्याच्या हातात उरते फक्त शस्त्रक्रियेच्या परवानगीची शेवटची चिठ्ठी.

कोणता कोयता, म्हणजे तोडणीची कोणती जोडी, कोणत्या कारखान्यावर जाणार, हे उचल देतानाच मुकादमाच्या (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीत लिहिले जाते. त्या वहीत मुले आणि गर्भवती नसतात. ग्रामसेवक, आशा आणि शाळेने सप्टेंबरअखेर ती नावे जोडावीत. वसतिगृहात राहणारी मुले त्याच यादीतून वेगळी काढावीत आणि बाकीची यादी कारखान्याच्या तालुक्यातील तहसीलदारांकडे पाठवावी. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना अड्डानिहाय कोप्या, नळ आणि संडास यांची संख्या कारखान्याकडून लेखी घ्यावी, आणि पहिल्या पंधरवड्यात तहसीलदारांनी ती जागेवर मोजावी.

— ऊसतोड कामगारांच्या हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते, बीड