कापूस वेचायला आलेली माणसंही गावाचीच धरा

मा. संपादक साहेब, जय गुरुदेव.

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं, मोझरीपासून जवळच. गावात कुणबी, तेली, बौद्ध, मुसलमान, दोनचार घरं बंजाऱ्यांची, सगळेच आहेत आणि भीमजयंती असो की भंडारा की ईद, येणं जाणं जेवण खाणं चालू असते त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं आहे ते दसऱ्यापासून पुढं सोयाबीन सोंगायला अन कापूस वेचायला मेळघाटातून, मध्यप्रदेशातल्या बैतुलकडून येणाऱ्या कोरकू आदिवासी लोकांबद्दल.

हे लोक नाही आले तर आमचा कापूस झाडावरच राहते हे प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे. तरी त्यांना उतरवतात कुठं तर गावाबाहेर गोठ्यात नाहीतर धुऱ्यावर ताडपत्रीखाली, प्यायचं पाणी फवारणीच्या ड्रममधून, आणि कोणाच्या विहिरीवरची केबल चोरीला गेली की पहिलं बोट त्यांच्याकडं. पुरावा काही नसते हो, फक्त ते बाहेरचे अन त्यांची भाषा आपल्याला कळत नाही एवढंच. कोरकू भाषा मराठीच्या नात्यातली नाही, गोंडीच्याही नाही, तिकडं झारखंडातल्या मुंडारी संथालीच्या कुळातली आहे, मग कशी कळणार, पण म्हणून माणूस चोर होते का?

सगळ्यात जीव तुटते तो लेकरांसाठी. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या तुमच्या पेपरात दरवर्षी येतात, वाचून आपण हळहळतो, आणि त्याच मेळघाटातलं लेकरू दिवाळीनंतर आपल्याच वावरात पऱ्हाटीला बांधलेल्या लुगड्याच्या सावलीत निजलेलं असते तेव्हा त्याच्याकडं कोणी पाहत नाही! गावातल्या अंगणवाडीत त्याचं नाव घ्यायला काय हरकत आहे. मोठ्या पोरांचं पण तेच, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वर्षाच्या लेकराला दाखला नाही म्हणून शाळा नाकारता येत नाही, पण हे मजुराला कोण सांगते अन मुकादमाला तर सांगायचंच नसते.

रेशनचं तर फारच कमी लोकांना माहीत आहे. एक देश एक रेशनकार्डमुळं मेळघाटातल्या धारणीचं कार्ड असलं, मध्यप्रदेशाचं असलं, तरी आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून इथल्या दुकानातून धान्य उचलता येते, प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो, आणि घरी राहिलेले म्हातारे त्यांच्या वाट्याचं तिकडं उचलू शकतात. हे माहीत नसल्यानं बिचारे किराणा दुकानातून उधारीवर तांदूळ घेतात आणि मग वेचाईच्या पैशातून कापले जातात.

वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला अश्विन वद्य पंचमीला मोझरीत 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, लाखो लोक उभे राहतात, सगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. बरोबर त्याच दिवसात हे मजूर आमच्या शिवारात आलेले असतात. त्यांनाही सोबत न्या ना, ट्रॅक्टर तर तसाही जाते. गावागावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते तिथं एक सतरंजी त्यांच्यासाठी वाढवा, बाया पोरांची ओळख होईल, मग केबल गेल्यावर कोणी उगाच बोट दाखवणार नाही.

आमच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणारच आहे. तुम्ही एवढं करा, सोयाबीन सोंगणी सुरू व्हायच्या आधी रेशनची आणि शाळा अंगणवाडीची ही माहिती ठळक छापा, जमलं तर कोरकूतही छापा, म्हणजे कटिंग रेशन दुकानात चिकटवता येईल.

आपला,
एक कास्तकार, ता. तिवसा, जि. अमरावती